आधी बरणी, मग कप

भालेराव बाईंच्या घरी गेलेल्या माणसापुढे आधी कप येत नसे, बरणी येई. पांढऱ्या चिनी मातीची, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी, तोंडाला रबरी कडे आणि वर तारेची खिट्टी. खिट्टी उघडली की हलकासा ‘फट्’ असा आवाज होई. बाई ती बरणी पाहुण्याच्या नाकाखाली धरत आणि विचारत, “कसला वास येतो?”

पाहुणा नवखा असेल तर गोंधळून म्हणे, “कॉफीचा.”

“कॉफी आहे हे मलाही ठाऊक आहे. वास कसला येतो?”

या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढचा कप मिळत नसे, असे नाही. कप मिळेच. पण उत्तर देणाऱ्याकडे बाई ज्या नजरेने पाहत, ती नजर न देणाऱ्याच्या वाट्याला येत नसे. आणि ती आपल्या वाट्याला यावी असे आमच्यापैकी प्रत्येकाला वाटे.

बाई आणि मी, आम्ही दोघांनी खुटबावकडच्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षे बरोबर नोकरी केली. त्या भूगोल शिकवीत, मी गणित. माझे घर यवतला, त्यांचे कासुर्डीत, हमरस्त्यापासून थोडे आत, विहाराच्या पलीकडे. रविवारी सकाळी त्यांच्याकडे कॉफीला जाणे हा आम्हा काही सहकाऱ्यांचा परिपाठ होता. ज्या भागात पाहुण्याला ‘चहा टाकू का’ एवढेच विचारले जाते, दूध-साखरेत उकळलेला आल्याचा चहा हाच जिथे आदरसत्काराचा आरंभ आणि शेवट, तिथे एका बाईने कॉफीचे एवढे सोपस्कार मांडावेत, याचे मला प्रथमपासून कुतूहल होते.

भूगोलाच्या तासाला त्या मुलांना शाळेमागच्या शेतात नेत, प्रत्येकाच्या हातात मातीचे एक ढेकूळ देत आणि वर्णन करायला लावत. ‘छान’ आणि ‘चांगली’ हे दोन शब्द तिथे वर्ज्य होते. “छान हा मातीचा गुण नाही, तो तुझा मूड आहे,” असे त्या म्हणत. “मातीबद्दल सांग. बोटांना कशी लागते? वास कसा? ओली केली तर काय होतं?” तोच नियम त्यांच्या घरी कॉफीला लागू होता. आमच्या मुख्याध्यापकांना सुरुवातीला हा नियम माहीत नव्हता. त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि सभेत बोलावे तसे म्हणाले, “अप्रतिम!”

“सर, हा शेरा झाला,” बाई म्हणाल्या. “निरीक्षण अजून यायचंय.”

मुख्याध्यापकांना असे बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पण ते मुळात विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी दुसरा घोट घेतला, छताकडे पाहिले आणि सावकाश म्हणाले, “शेंगदाणे भाजून हातावर चोळले की जी तांबडी सालं उडतात... त्यांचा.”

“आता बोललात!” बाईंचा चेहरा असा काही उजळला की मुख्याध्यापक पुढे कित्येक दिवस ही गोष्ट स्वतःच सर्वांना सांगत होते.

कॉफी करण्याची त्यांची रीत सोपी होती, पण तिच्यात सवलत नव्हती. बिया भाजलेल्या आणायच्या, पण अख्ख्या. दळायच्या त्या कॉफी करण्याच्या वेळी, आणि लागतील तेवढ्याच. त्यासाठी लाकडी बैठकीची एक हातचक्की होती. तिचा दांडा फिरवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येई. मग स्टीलचा दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे. त्यात पूड भरायची, चकतीने हलकेच दाबायची, आणि वर पाणी ओतायचे. पाणी उकळले की लगेच नव्हे. गॅस बंद करून बुडबुडे निवल्यावर. “उकळतं पाणी पुडीवर ओतणं म्हणजे झोपलेल्या माणसाला थोबाडीत मारून उठवणं,” असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर कोणी फिल्टरला हात लावायचा नाही, हलवायचा नाही, वर ठोकायचा नाही. थेंब थेंब अर्क खालच्या भांड्यात उतरे. तोपर्यंत आम्ही गप्पा मारत बसू. आबा नावाचे त्यांचे एक शेजारी या थांबण्याला ‘बाईंचा मौनाचा तास’ म्हणत, आणि त्या तासात सर्वांत जास्त तेच बोलत.

साठवणीबद्दल मात्र बाई अधिक कडक होत्या. बरणी स्वयंपाकघरात नसेच. ती बाहेरच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटात, नकाशासंग्रहांच्या मागे, अंधारात असे. उजेड, हवा, ओल आणि ऊब हे कॉफीचे शत्रू आहेत हे कोणीही सांगेल. बाई त्यात एकाची भर घालीत: शेजार. कॉफीची बी भाजल्यावर पोकळ होते आणि जवळ जे असेल त्याचा वास ओढून घेते. म्हणून तिला मसाल्यांच्या वस्तीत घर द्यायचे नाही. आमच्या शाळेतल्या शितोळे मॅडमनी बाईंचे पाहून कॉफी आणली आणि एका आठवड्यात तक्रार घेऊन आल्या.

“बाई, तीच कॉफी, तोच दुकानदार. पण माझ्या कॉफीला मेथीचा वास येतो हो.”

“ठेवली कुठे?”

“फ्रिजमध्ये. ताजी राहावी म्हणून.”

“आणि फ्रिजमध्ये दुसरं काय आहे?”

“निवडलेली मेथी, भिजवलेली मटकी... आणि ह्यांनी आणलेले सुके बोंबील.”

“मग मेथीचाच वास येतोय हे नशीब समजा.”

हसणे ओसरल्यावर बाईंनी त्यांना नीट समजावून सांगितले. गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतली वाफ आतल्या कॉफीवर बसते. प्रत्येक वेळी थोडी थोडी ओल. आणि ओली झालेली कॉफी काही दिवसांत पुठ्ठ्यासारखी लागते. थोडी आणावी, कोरड्या चमच्याने काढावी, झाकण लगेच लावावे, संपली की पुन्हा आणावी. शितोळे मॅडमनी त्या दिवशी घरी जाऊन कॉफीचे बस्तान कपड्यांच्या कपाटात हलवले. पुढच्या रविवारी त्यांनी कळवले की आता कॉफीला डांबराच्या गोळीचा वास येतो.

वासाला वासाची उपमा देण्याची ही सवय बाईंना कुठे लागली, हे मी त्यांना एकदा विचारले. उत्तर दौंडला सापडले. त्यांचे वडील दौंडला रेल्वेत फिटर होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये मद्रासकडच्या एका गार्डचे कुटुंब राही. त्या घरातल्या अम्मांना मराठी येत नसे, लहानग्या मंदाला, म्हणजे आमच्या बाईंना, तमिळ येत नसे. अम्मा कॉफी दळू लागल्या की मंदा जाऊन बसे. अम्मा मूठभर पूड तिच्या नाकाशी धरत, आणि मग शब्द नसल्यामुळे उठून घरभर शोधत. कधी गुळाचा खडा आणून हुंगायला देत, कधी काथ्याची दोरी, कधी चुलीतले विझलेले लाकूड. म्हणजे आजची कॉफी अशी आहे. पुढे मंदाही वस्तू शोधून आणू लागली. दोघींचे संभाषण असे वर्षानुवर्षे वस्तूंच्या भाषेत चालले. “आणि अम्मा मला त्यांच्या मुलांच्याच पेल्यात कॉफी देत,” एवढे एक वाक्य बाई या गोष्टीच्या शेवटी नेहमी जोडत, आणि पुढे काही बोलत नसत.

पुढे बोलायची गरज नव्हती. लग्न होऊन त्या कासुर्डीला आल्या तेव्हा गावातले बरेच लोक दारात येत, कामाचे बोलत, आणि चहाचे विचारले की म्हणत, “नको, आत्ताच झालाय.” अत्यंत नम्रपणे म्हणत. आत्ताच झालेला हा चहा वर्षानुवर्षे होत राहिला. आबा, ज्यांचा उल्लेख वर आला आहे, त्यांपैकीच एक. गावातले मोठे बागायतदार. सोसायटीवर अनेकदा निवडून आलेले. यवत-खुटबाव रस्त्यावर त्यांचे गुऱ्हाळ, मोठ्या काहिलीत उसाचा रस आटवून गूळ करण्याचे. ते बाईंना मान देत, गावच्या झेंडावंदनाला बोलायला बोलावत. पण ओट्याच्या आत पाऊल टाकीत नसत.

ते आत आले कसे, याची हकिकत मी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकली आहे आणि ती जुळते. एका सकाळी आबा काही निरोप घेऊन आले. बाई आत कॉफी दळत होत्या.

“बाई, काय करपलं का घरात?” आबांनी ओट्यावरूनच विचारले.

“काही नाही आबा. कॉफी दळतेय.”

“काफीचा आसा वास आसतो व्हय? आमच्या काहिलीचा तळ धराया लागला की आसाच सुटतो.”

बाईंचा हात थांबला. “तळ धरल्यावरचा, की धरायच्या जरा आधीचा?”

“म्हंजी?”

“करपल्याचा वास, की आता करपेल असा?”

आबांना आजवर उसाच्या भावाबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल, निवडणुकीबद्दल लोकांनी हजार प्रश्न विचारले होते. हा कोणी विचारला नव्हता. ते विचारात पडले. “आसं लांबनं न्हाई सांगता यायचं,” म्हणाले, चपला काढल्या, आत आले आणि बरणीत नाक घातले. बराच वेळ बाहेर काढले नाही. “आधीचा,” ते अखेर म्हणाले. “हितंच गुळव्या वरडतो, काहील उतरवा म्हून. करपल्याला कडू वास आसतो. ह्यो कडू न्हाई. ह्यो... भ्यालेला हाय.”

“भ्यालेला!” बाई टाळी वाजवून म्हणाल्या.

मग फिल्टर लागला, मौनाचा तास झाला, कप आला आणि रिकामा झाला. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की बाईंच्या मते आबांनी दोनदा साखर मागितली, आणि आबांच्या मते एकदाच.

पुढे केव्हातरी मी बाईंना विचारले, की तुम्ही आधी बरणी का पुढे करता? त्या म्हणाल्या, “कप नाकारता येतो, सर. वास नाकारायचा तर श्वास धरून बसावं लागतं.”

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाईंना ताप आला. सौम्यच होता, त्या घरीच राहिल्या आणि आठवड्याभरात उठल्या. त्यानंतर एका सकाळी त्यांचा मला फोन आला.

“सर, हिंगाला वास असतो ना?”

मला वाटले, ही एखाद्या कोड्याची सुरुवात आहे. मी म्हणालो, “असतो की.”

“माझ्या हिंगाला नाही.”

त्यांनी आधी बरणी उघडली होती. वास आला नाही तेव्हा दोष कॉफीला दिला. जुनी झाली, हवा लागली. मग सहज म्हणून लवंगेची डबी उघडली. मग लसूण सोलला. मग हिंग. मग न्हाणीघरात जाऊन फिनेलची बाटली. एकेक झाकण उघडत त्या घरभर फिरल्या होत्या, आणि प्रत्येक झाकणाखाली नुसतीच हवा होती.

तेव्हा अनेकांचे असे झाले होते आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत परतले. बाईंचे परतले नाही. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितले की नस पुन्हा वाढू शकते, पण केव्हा आणि किती, ते सांगता येणार नाही. रोज ओळखीचे वास घेत राहा, मनात त्यांची आठवण जागी ठेवा. बाई रोज सकाळी देवपूजेला बसावे तशा बसत. समोर लवंग, निलगिरीचे तेल, लिंबाची साल आणि ती बरणी. प्रत्येकावर वाकत, डोळे मिटत. काही येत नसे. उठून कामाला लागत.

कॉफी करणे त्यांनी थांबवले नाही. “आता ती मला गरम लागते आणि कडू लागते,” त्या म्हणाल्या. “नकाशा आहे, सर. गाव नाही.” त्यांच्या स्वरात तक्रारीपेक्षा चिकित्साच अधिक होती. कडू जिभेला कळते, भाजलेपणा नाकाला कळतो, हे त्यांनी प्रत्येकाला नाक दाबून गूळ खायला लावून सिद्ध करून दाखवले. फक्त एकदा, आम्ही दोघेच असताना, त्या वेगळे बोलल्या.

“अम्मांचा एकही फोटो नाही माझ्याकडे. चेहरा केव्हाच पुसट झालाय. पण बरणी उघडली की तो यायचा. दांडा फिरवणारा हात, नाकातली चमकी, सगळं. आता बरणी उघडते तर कोणीच येत नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “वास परत येईपर्यंत मी तोच विसरले तर?”

गणिताच्या शिक्षकाला या प्रकारचे प्रश्न सुटत नाहीत.

निर्बंध उठल्यावर रविवार पुन्हा सुरू झाले, आणि त्यांना आता नवे प्रयोजन आले. बाई बरणी पुढे करीत आणि आम्ही काय सांगतो ते लक्ष देऊन ऐकत. कॉफी जुनी होतेय का, पाणी फार तापले होते का, हे ठरवायला त्यांच्याजवळ आमच्या नाकांखेरीज साधन उरले नव्हते. पूर्वी तो खेळ होता. आता ती गरज होती.

अशाच एका रविवारी तो प्रसंग घडला. आबा, शितोळे मॅडम आणि निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. बरणी फिरवून झाली होती. त्या दिवशी अर्क बाईंनी आम्ही येण्याआधीच उतरवून ठेवला होता. कॉफी समोर आली आणि मला फोन आला म्हणून मी ओट्यावर गेलो. परतलो तेव्हा माझा कप बशीने झाकलेला होता, बाकीच्यांचे निम्मे झाले होते, आणि खोलीत काहीतरी बिनसले होते.

“काय म्हणता मॅडम, कशी झालीय?” बाई विचारत होत्या.

“छान आहे,” शितोळे मॅडम म्हणाल्या.

“सर?”

“उत्तम. छानच,” मुख्याध्यापक म्हणाले.

“आबा?”

“झ्याक,” आबा म्हणाले आणि कपात पाहू लागले.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले. मग शांतपणे आपला कप खाली ठेवला. “या घरात इतक्या वर्षांत ‘छान’ म्हणून कोणी सुटलं नाही. आज तिघंही म्हणताय. काय झालंय कॉफीला?”

मी माझ्या कपावरची बशी उचलली. जो वास आला तो कॉफीचा होता, पण त्यावर धने-जिरे स्वार झाले होते. बरणीतली कॉफी बिघडलेली नव्हती. घोटाळा दळताना झाला होता. आदल्या दिवशी बाईंची बहीण इंदापूरहून येऊन गेली होती. तिने बहिणीच्या मदतीसाठी धने-जिरे भाजले, ऐन वेळी लाईट गेली, मिक्सर चालेना, म्हणून समोर दिसली ती हातचक्की घेतली, काम उरकले, फडक्याने पुसून जागेवर ठेवली. इतर कोणत्याही वर्षी बाईंना हे खोलीत शिरताच कळले असते.

“आबा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगा.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “आता काय सांगू बाई? आमटी हाय ही. शेवग्याची शेंग तेवढी ऱ्हायलीय.”

शितोळे मॅडमना हसू आवरले नाही; पण बाई हसल्या नाहीत. “मग बोलला का नाहीत?”

“आवो, तुमचं नाक गेलंय. त्यात आनी आपून कशाला दुखवायचं, आसं वाटलं.”

“माझं नाक गेलंय म्हणूनच तुमचं मागितलं होतं, आबा.”

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते. कप गोळा करता करता, कोणाकडेही न पाहता, त्या पुढे बोलल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा लोक दारात म्हणायचे, आत्ताच झालाय. तेही मला दुखवायचं नाही म्हणूनच म्हणायचे. इतकं गोड बोलायचे की कुणाशी भांडायचीही सोय नव्हती.”

खोलीत बसलेल्यांपैकी हे कोणाला लागू होते हे सर्वांना ठाऊक होते. आबांनी मान खाली घातली. मी त्यांना सोसायटीच्या सभेत मागे हटताना कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, “बरुबर हाय. मीबी म्हनलोय.” मग घसा खाकरून, “ती चक्की हिकडं द्या. मूठभर तांदूळ आना.”

त्यांनी चक्कीतून कच्चे तांदूळ दळले, पीठ टाकले, पुन्हा दळले, आणि दर वेळी पीठ हुंगून पाहिले. “आजून धनं हाय... आजून हाय... आता न्हाई.” मग बाईंना म्हणाले, “टाका दुसरी. आन् हितनं म्होरं वंगाळ झाली तर वंगाळच म्हनीन. मग रडायचं न्हाई.”

“रडेन कशाला? कारण विचारीन,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून आबा हे त्यांचे नाक झाले. रविवारच काय, मधल्या वारीही गुऱ्हाळावर जाता-येता ते डोकावत आणि निकाल देत. “आज भिजल्या पोत्यावानी हाय, सोडून द्या.” “आज बरी हाय, पर परवाची जास्त तिखाट व्हती.” मराठीत कॉफीच्या वर्णनाला लागतील एवढे शब्द नाहीत अशी माझी समजूत होती, आबांनी गोठा, गुऱ्हाळ, बाजार आणि बांध यांतून ते सहज पुरवले. बाई प्रत्येक शब्दावर डोळे मिटत आणि त्या वासाकडे आपल्या आठवणीतून वाट काढू पाहत. कधी म्हणत, “हो, हा होता मला.” कधी काहीच म्हणत नसत. दुसरे प्रकार वाढत चालले होते, हे माझ्या लक्षात आले होते. त्यांच्याही आले असणार.

निवृत्तीनंतर त्या शिरूरला मुलीकडे राहायला गेल्या. अश्विनी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बरणी, चक्की आणि फिल्टर बरोबर गेले. आबांना आता फोनवर हुंगता येईना, याची त्यांना खंत होती.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नानिमित्त मी शिरूरला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सुट्टी असल्याने अश्विनी घरी होती. समोर राहणारी रिंकी नावाची बिहारकडची तरुणी दारात उभी होती; तिला बाईंनी इथले नाक म्हणून नेमलेले दिसले.

“मौसी, कल का थोड़ा जला हुआ था,” ती सांगत होती.

“किसके जैसा जला हुआ? रोटी के जैसा या कपड़े के जैसा?”

रिंकी विचार करू लागली. बाईंनी माझे स्वागत केले, पुस्तकांमागून बरणी काढली, खिट्टी उघडली आणि सवयीने आधी स्वतः वाकल्या.

एकदम त्यांनी मान मागे घेतली. चेहरा वेडावाकडा झाला. मला वाटले, त्यांना काही चावले. त्या पुन्हा वाकल्या, पुन्हा मागे आल्या.

“सर,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हिला काय झालंय? नीट बघून सांगा. दुखवायचं नाही वगैरे नको.”

मी बरणी घेतली. आजवर मी या परीक्षेत साधारणच होतो. त्या दिवशी मी सर्व लक्ष नाकात आणले. “उन्हात तापलेल्या सागवानी फळीचा,” मी म्हणालो. “आणि मागे थोडा काकवीचा. खराब काही नाही. ताजी आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“मला सडलेल्या कांद्याचा येतोय,” बाई म्हणाल्या. “सडलेला कांदा आणि जळका टायर.”

अश्विनी आतून धावत आली. “आई! डॉक्टर म्हणाले होते ना, परत येताना आधी चुकीचा येतो म्हणून? नस नवीन वाढते, जोडणी उलटसुलट होते...”

“थांब. मनाचे खेळही असू शकतात,” बाईंनी तिला हाताने थोपवले. “सर, तुम्ही आत जा. एका वाटीत कॉफी, एका वाटीत तांदूळ, एक रिकामी. मला सांगू नका.”

त्यांनी अश्विनीच्या ओढणीने डोळे बांधले. मी वाट्या उलटसुलट करून एकेक त्यांच्या नाकाखाली धरीत गेलो. रिंकी दारातून म्हणाली, “मौसी, ये कौन सा खेल है?” तांदळावर बाई स्थिर. रिकाम्या वाटीवर स्थिर. कॉफीवर मान झटक्यात मागे. मी क्रम बदलला. पुन्हा तेच. मी दोनदा लागोपाठ रिकामी वाटी धरली, त्या म्हणाल्या, “काही नाही. पुढची.” पुढची कॉफीची होती. “ईऽ! हीच! हीच, हीच!” असे ओरडत त्यांनी ओढणी ओढून काढली. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

फोन अर्थातच आबांना लागला, स्पीकरवर.

“आबा, कॉफीला घाण वास येतोय! भयंकर घाण!”

“आवो मग टाकून द्या की! वरडताय कशाला?”

“कॉफी चांगली आहे हो. सरांनी बघितलीय.”

“मग?” पलीकडे मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. मग आबांचा आवाज बदलला. “आं? बाई... तुमाला आला? तुमच्या नाकाला?”

“माझ्या नाकाला.”

“आन् त्या आल्या का?... म्हंजी अम्मा?” आबांना तेही माहीत होते तर.

“अजून नाही,” बाई म्हणाल्या. “पण दार वाजलंय.”

मला परतीची एसटी गाठायची होती. बाई सोडायला खाली आल्या. जिन्यात कढीपत्त्याची कुंडी होती; एक पान चुरडून त्यांनी हुंगले. “काही नाही.” खाली कोणाच्या गाडीची सीट, ओले सिमेंट, रस्त्याच्या कडेला अंड्याच्या गाडीवरचा तवा. “काही नाही. काही नाही.” निराशा कुठेही नव्हती, नव्या गावात उतरलेला माणूस पाट्या वाचीत चालतो तशा त्या चालल्या होत्या. थांब्यावर गर्दी होती. गाडी आली, मी चढलो आणि खिडकीशी बसलो. चालकाने गाडी सुरू करताच मागून काळ्या धुराचा लोट उठला. थांब्यावरच्या साऱ्यांनी रुमाल, पदर, जे हाताला लागेल ते नाकाला लावले आणि मागे सरकले. बाई मात्र, चेहरा किंचित वर करून, एक पाऊल त्या धुरात पुढे आल्या.